ग्रहाला पत्ता असतो, धूमकेतूला नसतो

प्रश्न सोलापुरातल्याच एका मुलीचा आहे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, भौतिकशास्त्र घेतलंय, वडिलांचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चार यंत्रमाग आहेत. तिने लिहिलंय : "काका, आता जेम्स वेबसारखी एवढी मोठी दुर्बीण आहे, मग दहा-दहा वर्षं प्रवास करून यान धूमकेतूपाशी कशाला पाठवायचं? आणि मंगळावर जाणं नि धूमकेतूवर जाणं यात एवढा काय फरक? दोन्हीकडे यानच तर पाठवायचं." शेवटी दबकत एक ओळ : "आमच्यासारख्यांना यात काही करता येईल का?"

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे उत्तर कुठून येतंय ते कळेल. मी तीसेक वर्षं यानांचे मार्ग ठरवण्याचं काम केलं. यान आत्ता कुठे आहे, उद्या कुठे असेल, आणि हवं तिथे पोचायला इंजिन कधी नि किती सेकंद चालवायचं, एवढंच. उपकरणं बनवणाऱ्या माणसाला हेच विचारलंस तर तो वेगळं सांगेल, आणि तेही खरं असेल.

दुर्बिणीचं आधी संपवू. ज्याला आपण धूमकेतू म्हणून बघतो, तो डोकं आणि शेपूट असलेला पसारा लाखो किलोमीटरचा असतो, पण त्याच्या आतलं केंद्रक जेमतेम काही किलोमीटरचं. चार किलोमीटरचं केंद्रक पंधरा कोटी किलोमीटरवरून बघायचं म्हणजे पुण्यात ठेवलेला शेंगदाणा सोलापुरातून बघायचा. वेबलाही तो ठिपकाच दिसतो. बरं, केंद्रक सूर्याजवळ येऊन जागं झालं की स्वतःच्याच वायू-धुळीच्या पडद्याआड जातं, आणि दूर असताना उघडं असतं तेव्हा इतकं अंधुक असतं की हाती फारसं लागत नाही. त्यात वेबला सूर्याच्या बाजूला तोंड वळवायची मुभाच नाही, आणि धूमकेतूची खरी धमाल असते सूर्याजवळ. वर्णपट घेऊन कोणते वायू बाहेर पडताहेत हे वेब छान सांगते, त्यात तिला तोड नाही. पण शेंगदाण्याचं साल कसं आहे, आत किडका आहे का, हे पुण्याला जाऊनच बघावं लागतं.

आता खरा प्रश्न, फरकाचा.

ग्रहाला पत्ता असतो. मंगळ अमुक तारखेला अमुक वाजता कुठे असेल हे आज एक किलोमीटरच्याही आत सांगता येतं, कारण तो जड आहे, त्याच्यावर फक्त गुरुत्वाकर्षणाची सत्ता चालते, आणि आपली यानं पन्नासेक वर्षं त्याच्याभोवती फिरून मोजमापं देत आली आहेत. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला उडालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला सकाळी मंगळाच्या कक्षेत शिरलं. त्या सकाळची धास्ती मंगळ कुठे आहे याची नव्हती. सुमारे तीनशे दिवस गप्प बसलेलं मुख्य इंजिन पेटेल का, याची होती. ते साधारण २४ मिनिटं चाललं, यानाचा वेग सेकंदाला सुमारे १.१ किलोमीटरने उतरला आणि बाकीचं काम मंगळाच्या ओढीने केलं. ग्रह असा आपला पाहुणचार करतो. तुम्ही बरोबर वेळी, बरोबर वेगाने दारात या, आत ओढून घ्यायचं काम त्याचं.

धूमकेतू असलं काही करत नाही. एक तर त्याला ओढ जवळपास नसतेच. दुसरं म्हणजे तो स्वतःच स्वतःला ढकलत असतो. उन्हाने पृष्ठभागाखालचा बर्फ तापतो, द्रव न होता थेट वाफ होते, ती भेगांतून झोताने बाहेर येते, आणि झोत एका बाजूला सुटला की केंद्रक दुसऱ्या बाजूला सरकतं. रॉकेटच की. ही गोष्ट यानांच्या कितीतरी आधी कागदावर दिसली होती. एंके नावाचा धूमकेतू एकोणिसाव्या शतकात दर फेरीला साधारण अडीच तास लवकर परतायचा, हॅली मात्र हिशोबापेक्षा चारेक दिवस उशिरा. गुरू-शनीची ओढ धरूनही हा फरक जाईना. फ्रेड व्हिपलने १९५० मध्ये 'मळकट बर्फाच्या गोळ्या'ची कल्पना मांडली तेव्हा त्याचा उगम कळला : झोत कुठल्या बाजूला सुटतो यावर धूमकेतू लवकर येणार की उशिरा हे ठरतं.

म्हणून आमच्या कामात ग्रहाचा पत्ता आधी मिळतो आणि धूमकेतूचा तिथे पोचल्यावर. मोहिमेतली निम्मी डोकेदुखी यातूनच येते.

मला हे पहिल्यांदा कळलं १९८६ मध्ये, तेही उशिरा. त्या मार्चमध्ये पहाटे चार वाजता आम्ही चौघे मित्र सायकली काढून अक्कलकोट रस्त्याला शेतात गेलो होतो, हॅली बघायला. शेजाऱ्यांची दुर्बीण मागून आणलेली. वर्तमानपत्रांत जुन्या चित्रांमधली आकाशभर शेपूट बघितलेली, आणि दिसलं काय, तर दक्षिणेला खाली क्षितिजाजवळ काच पुसल्यासारखा एक पांढुरका डाग. एकजण म्हणाला, "एवढ्यासाठी झोपमोड केली व्हय?" मला मात्र त्याच आठवड्यात जिओटो नावाचं युरोपचं यान त्या डागाच्या आत घुसलं हे नंतर वाचून झोप लागेना.

जिओटोची गंमत बघ. हॅली सूर्याभोवती उलट्या दिशेने फिरतो, त्यामुळे यान आणि धूमकेतू समोरासमोर येत होते, सेकंदाला ६८ किलोमीटरने. त्या वेगाने सोलापूर ते पुणे चार सेकंदांचं. एवढ्या वेगात केंद्रकाच्या पाचेकशे किलोमीटर जवळून जायचं होतं, आणि पृथ्वीवरून बघून त्या केंद्रकाची जागा कळत होती ती शेकडो किलोमीटरच्या फरकाने. मग उपाय काय केला? सोव्हिएतांची वेगा-१ आणि वेगा-२ ही यानं ६ आणि ९ मार्चला आठ-नऊ हजार किलोमीटरवरून गेली होती. त्यांनी घेतलेल्या छायाचित्रांत केंद्रक कुठे दिसतं, आणि त्या क्षणी वेगा स्वतः नेमकं कुठे होतं, हे दोन्ही जुळवून अनिश्चितता काही दहा किलोमीटरवर आणली. वेगाची जागा पक्की करायला अमेरिकेच्या मोठ्या तबकड्यांनी कान लावला होता. शीतयुद्ध चालू होतं, आणि सोव्हिएत यानाचं मोजमाप अमेरिकी अँटेना घेत होत्या, युरोपच्या यानासाठी. १४ मार्चला जिओटो ५९६ किलोमीटरवरून गेलं.

पुढचा भाग ढालीचा. त्या वेगात धुळीचा कण गोळीपेक्षा वाईट. जाड पत्रा लावला तर यान उडणार नाही, इतकं वजन. म्हणून समोर फक्त एक मिलिमीटर ॲल्युमिनियम, मग वीतभर मोकळी जागा, मग केवलर या चिवट धाग्याचा जाड थर. पहिल्या पत्र्यावर आदळताच कणाचीच वाफ होते, ती मोकळ्या जागेत पसरते आणि दुसऱ्या थरावर जोर विखुरला जातो. तरीही सर्वांत जवळ पोचायला चौदाएक सेकंद असताना कुठला तरी मोठा कण लागला आणि यान डगमगलं. अँटेना पृथ्वीवरून हलली, संपर्क तुटत-जुळत राहिला. पूर्ववत व्हायला अर्धा तास लागला, कॅमेरा मात्र गेलाच. तोवर चित्रं मिळाली होती : १५ किलोमीटर लांब, कोळशासारखं काळं केंद्रक, अंगावर पडलेला प्रकाश जेमतेम चार टक्के परत पाठवणारं. 'बर्फाचा गोळा' म्हणून गेलो आणि दगडी कोळशाचा ढीग बघून आलो, असं झालं.

पण जिओटो भेटून निघून जाणारं यान होतं. सोबत राहणं ही वेगळीच गोष्ट, ती रोझेटाने केली, आणि त्यावर मी रात्रभर बोलू शकतो.

रोझेटा मार्च २००४ मध्ये उडालं. जायचं होतं दुसऱ्याच धूमकेतूकडे, पण आधीच्या एका रॉकेट अपघातामुळे उड्डाण लांबलं, ती गाडी चुकली, म्हणून मग ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेंको. तीनदा पृथ्वीजवळून, एकदा मंगळाजवळून वेग उसना घेतला. गुरूच्या कक्षेच्या जवळपास सौर ऊर्जा इतकी कमी की यानाला जून २०११ पासून जानेवारी २०१४ पर्यंत झोपवून ठेवावं लागलं. मग मे ते ऑगस्ट २०१४ मध्ये दहा वेळा इंजिन चालवून, धूमकेतूच्या तुलनेत सेकंदाला पावणेआठशे मीटरच्या आसपास असलेला वेग एक मीटरवर आणला. जुलैत जवळून चित्रं आली तेव्हा सगळे चाट पडले. बटाट्यासारखा आकार धरून तयारी केली होती, निघालं दोन गोळे मानेने जोडलेलं बदक. ऑगस्टमध्ये पोचायचं, नोव्हेंबरमध्ये उतरायचं, आणि आकार, वस्तुमान, फिरण्याची गती, पृष्ठभाग, सगळं त्या तीन महिन्यांत मोजायचं.

तिथली कक्षा कशी असते ते स्वतः काढून बघ, अकरावीचंच सूत्र आहे. ६७पीचं वस्तुमान साधारण १० चा तेरावा घात किलोग्रॅम. मध्यापासून ३० किलोमीटरवर वर्तुळाकार फिरायचं तर वेग येतो सेकंदाला सुमारे १५ सेंटिमीटर. सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरायला येणारे आजोबा याच्या सात-आठ पट वेगाने चालतात. एक फेरी पुरी व्हायला दोन आठवडे. अशा अवस्थेत तारेवरून चालल्यासारखं होतं, कारण यानाचे सौर पंख टोकापासून टोकापर्यंत ३२ मीटर. धूमकेतूतून निघणारा विरळ वायू त्या पंखांना शिडासारखा ढकलतो, आणि गुरुत्वाकर्षणाला त्याच्याशी टक्कर द्यावी लागते. मंगळाभोवती फिरणाऱ्याला वाऱ्याची अशी भीती नसते.

मार्च २०१५ अखेरीस रोझेटा १४ किलोमीटरपर्यंत खाली गेलं आणि भलतंच झालं. यान तारे बघून आपली दिशा ठरवतं. उन्हात चमकणारी धूळ ताऱ्यांसारखीच दिसते. यानाच्या तारे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांनी धुळीलाच तारे समजायला सुरुवात केली, अँटेना पृथ्वीवरून सरकली आणि शेवटी यानाने स्वतःला सुरक्षित स्थितीत टाकून घेतलं. त्यानंतर कित्येक महिने त्याला लांब ठेवावं लागलं. ऑगस्टमध्ये धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे बघण्यासारखं सर्वांत जास्त, आणि नेमकं तेव्हाच यान शेकडो किलोमीटर दूर. धूमकेतू असाच वागतो.

फिले या छोट्या उतरणाऱ्या यानाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. वजन पृथ्वीवर १०० किलो, धूमकेतूवर दोन-तीन शेंगदाण्यांइतकं. १२ नोव्हेंबर २०१४ ला ते सात तास नुसतं पडत गेलं, मध्ये दिशा बदलायची सोय नव्हती, तरी ठरलेल्या जागेपासून सव्वाशे मीटरच्या आत टेकलं. मग रुतून धरणारे भाले सुटलेच नाहीत, आणि ते उसळून किलोमीटरभर वर गेलं, जवळपास दोन तासांनी कुठल्यातरी कड्याच्या सावलीत जाऊन बसलं. मार्ग ठरवणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं, पकड सुटली ती दुसऱ्यांची, असं मी म्हणतो तेव्हा माझे उपकरणवाले मित्र चहाचा कप खाली ठेवतात.

फार शेखी मिरवायला नको. आमच्या इथे एका मोहिमेच्या सरावात सूर्यप्रकाशाच्या दाबाचं चिन्ह मी उलटं घातलं होतं. सूर्यप्रकाश यानाला ढकलतो, अगदी नगण्य. पण त्या नगण्य ढकलण्याने महिन्याभरात शेकडो किलोमीटरचा फरक पडतो. दोन दिवस आम्ही अँटेनाच्या मापांवर संशय घेत बसलो. चूक माझ्या एका वजाबाकीच्या खुणेत निघाली. ती सरावात निघाली हे नशीब.

यानाची जागा कळते कशी, हेही तुला विचारायचं असेल. यानाकडे रेडिओ लहर पाठवायची, ते परत पाठवतं, त्याला लागलेल्या वेळावरून अंतर. आणि परत आलेल्या लहरीचा सूर किती बदलला त्यावरून वेग, सेकंदाला एक दशांश मिलिमीटरपर्यंत. तुझे वडील मागाला पाठ करून उभे असले तरी आवाज बदलला की सांगतील, कुठल्या मागावर धागा तुटला. आमचंही निम्मं काम कान लावून बसण्याचंच. आपल्या नारायणगावजवळच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीने ऑक्टोबर २०१६ मध्ये असाच कान लावला होता : युरोपचं स्कियापारेली हे यान मंगळाच्या वातावरणातून उतरत असताना त्याचा क्षीण संदेश तिथे थेट ऐकला गेला, आणि तो उतरण्याच्या शेवटी तुटला. ते यान आदळलं होतं.

आता, जाऊन मिळालं काय? सर्वांत वादाचं म्हणजे पाणी. पृथ्वीवरचे समुद्र धूमकेतूंनी आणले असं पुस्तकात वाचलं असशील. हे तपासायचं तर पाण्यातल्या जड हायड्रोजनचं प्रमाण बघतात. समुद्रात साधारण ६४०० हायड्रोजनमागे एक जड. हार्टली-२ या धूमकेतूत हर्शेल दुर्बिणीने २०११ मध्ये समुद्रासारखंच प्रमाण मोजलं तेव्हा सगळे खूश झाले. मग रोझेटाने ६७पीच्या अंगावर जाऊन मोजलं तर तिप्पट. सगळे गप्प. २०२४ मध्ये त्याच मोजमापांची पुन्हा छाननी झाली, तेव्हा असं दिसलं की यानाजवळच्या धुळीच्या कणांतून सुटणाऱ्या पाण्याने आकडा फुगला असावा. माझं मत विचारशील तर 'धूमकेतूंचं पाणी' असं एकच काही नसावं. हे सगळे एका माळेचे मणी नाहीत. पण दहा वर्षांनी जुन्या आकड्यांवर नवा वाद होऊ शकतो, याचं कारण आकडे तिथे जाऊन घेतले होते.

त्याच रोझेटाने ६७पीभोवती ग्लायसिन हे अमिनो आम्ल आणि फॉस्फरस सापडवले, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेला रेणुरूप ऑक्सिजनही. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन, दोन्हींचं रेणुभार २८. वजनात फरक इतका सूक्ष्म की साध्या उपकरणाला दोन्ही एकच वाटतात. तिथे नेलेल्या उपकरणाने ते वेगळे काढले. हे काम पृथ्वीवरून होत नाही.

माझ्या आवडीचा निष्कर्ष मात्र स्टारडस्टचा. या यानाने जानेवारी २००४ मध्ये वाइल्ड-२ च्या धुळीतून जाताना एरोजेल नावाच्या धुरासारख्या हलक्या पदार्थात कण अडकवले आणि २००६ मध्ये ते पृथ्वीवर आणून टाकले. अपेक्षा होती गोठलेल्या, कधीच न तापलेल्या मालाची. निघाली काय, तर हजार अंशांहून अधिक तापमानालाच घडणारी खनिजं. सूर्याच्या शेजारी भाजलेला माल सूर्यमालेच्या अगदी थंड कोपऱ्यात बनलेल्या धूमकेतूत. म्हणजे सूर्यमाला ज्यातून घडली त्या सुरुवातीच्या वायू-धुळीच्या तबकडीत माल आतून बाहेर वाहून नेला जात होता.

ग्रह आणि धूमकेतू एकाच चौकटीत आले ते १९ ऑक्टोबर २०१४ ला. साइडिंग स्प्रिंग नावाचा धूमकेतू मंगळाच्या सुमारे १.४ लाख किलोमीटर जवळून गेला, पृथ्वी-चंद्र अंतराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावरून, सेकंदाला ५६ किलोमीटर वेगाने. आपलं मंगळयान तिथे पोचून महिनाही झाला नव्हता. मंगळाभोवतीच्या यानांच्या कक्षा अशा बदलल्या गेल्या की धुळीचा मारा जास्त असेल त्या वेळी ती मंगळाच्या आड असावीत. ग्रहाचा पत्ता पक्का असल्याचा फायदा असाही होतो : लपायला आडोसा मिळतो. नासाच्या मेव्हन यानाने नंतर मंगळाच्या वातावरणात वरच्या थरात सोडियम, मॅग्नेशियम, लोखंडाचे आयन पकडले, धूमकेतूच्या धुळीने ताजे टाकलेले.

तुझ्या शेवटच्या ओळीकडे येतो. करता येईल. सोलापूर विद्यापीठातून एमएस्सी कर, आणि मग जमलं तर पुण्याला आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, तिरुवनंतपुरमची अंतराळ संस्था, यांच्या प्रवेश परीक्षा दे. सरकारने शुक्राच्या मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे, उड्डाण मार्च २०२८ चं धरलंय. तू तोवर शिकून बाहेर पडलेली असशील आणि त्या यानाच्या मोजमापांवर काम करायला माणसं लागतील. घरची परिस्थिती, मुलगी लांब पाठवायची का, हे तू लिहिलं नाहीस पण मला कळतं. आईवडिलांशी बोलायचं असेल तर मी येईन घरी.

पण प्रवेशाची वाट बघत बसू नकोस. मोहिमांचे आकडे फुकट उपलब्ध आहेत, मंगळयानाचेही आणि रोझेटाचेही. नासाच्या होरायझन्स सेवेतून ६७पीची १३ ऑगस्ट २०१५ ची जागा आणि वेग घे, तो त्या दिवशी सूर्याच्या सर्वांत जवळ होता. पायथॉनमध्ये फक्त सूर्याचं गुरुत्वाकर्षण घालून त्याला पुढे चालव आणि पुढची सर्वांत जवळची तारीख काढ. खरी तारीख २ नोव्हेंबर २०२१ आहे. मग गुरू घाल, शनी घाल, आणि दर वेळी तारीख कितीने सरकते ते वहीत लिही. सगळे ग्रह घालूनही जो थोडा फरक उरेल, तो वायूच्या झोतांचा. पहिल्यांदा उत्तर चुकेल, बहुतेक कुठल्यातरी वजाबाकीच्या खुणेत. तसंच पाठव मला, कुठे चुकलं ते बघू.